बाबांचं वाफेचं पेन

माझ्या सासरी सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणी कुणाला काही म्हणत नाही. मी पुण्याची. आमच्याकडे माहीत नसलं तरी लोक बोलतात, त्यामुळे हा प्रकार अंगवळणी पडायला मला बरीच वर्षं लागली. सासर नागपूरचं. तिथे बाबा, म्हणजे माझे सासरे, रोज संध्याकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडायचे, कोपऱ्यावरच्या टपरीमागे उभं राहून सिगरेट ओढायचे, बडीशेप चघळत परत यायचे आणि आल्याआल्या साबणाने हात धुवायचे. आई, म्हणजे सासूबाई, तोवर टॉवेल घेऊन उभ्या असायच्या. पण सिगरेट हा शब्द त्या घरात मी कधी ऐकला नाही. माझा नवरा तर शाळेत असल्यापासून टपरीच्या अलीकडच्या गल्लीतून वळून घरी यायचा. का, तर आपण दिसलो तर बाबांना अवघडल्यासारखं होईल.

नागपुरात हे सगळं खपून जात होतं. मग बाबांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलं की आता एक तर सिगरेट राहील नाही तर तुम्ही राहाल. आम्ही दोघं तेव्हा कॅनडात, विनिपेगला होतो. २०११च्या आसपासची गोष्ट. नवऱ्याने आईबाबांना विश्रांतीसाठी आमच्याकडे बोलावून घेतलं आणि दसऱ्याच्या सुमारास दोघं येऊन दाखल झाले. आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो," आणि कोपऱ्यावरच्या गॅस स्टेशनची, म्हणजे सिगरेटही विकणाऱ्या पेट्रोल पंपाची, वाट त्यांना कुणी न दाखवता सापडली.

मला फार राग आला. माझे वडील मी कॉलेजात असताना सिगरेटपायीच गेले. आमच्या घरी गप्प बसण्याची रीत नव्हती, माझी आई रोज उठून त्यांच्याशी भांडायची, आणि तरीही ते गेले. म्हणजे ओरडूनही काही होत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण बाबांना रात्री खोकल्याची उबळ आली की मी उठून बसायचे. एक वडील मी घालवले होते, दुसरे मला घालवायचे नव्हते.

नवरा सॉफ्टवेअरवाला. त्याने इंटरनेटवर शोधाशोध करून एक ई-सिगरेट मागवली. तेव्हा ती नवीनच निघाली होती. जाडसर पेनाएवढी काळी नळी. खालच्या भागात बॅटरी आणि एक बटण, वर आट्यांनी बसवायचा दुसरा भाग, त्यात निकोटीनचं पाणी आणि ते तापवणारी बारीक तार. बटण दाबून ओढलं की वाफ येते. जाळ नाही, राख नाही, डांबर नाही. पार्सल आलं, आणि मग नवऱ्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. असली वस्तू जन्मदात्या बापाच्या हातात द्यायची कशी? शेवटी त्याने ती चार्ज करून, जोडून, वॉशरूममधल्या कपाटात बाबांच्या दाढीच्या क्रीममागे ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळपासून वॉशरूमचा पंखा दिवसातून अनेकदा सुरू व्हायला लागला आणि दाराच्या फटीतून पुदिन्याचा वास यायला लागला. आणि गॅस स्टेशनच्या फेऱ्या थांबल्या. खोकलासुद्धा हळूहळू उतरला. पंख्याची घरघर ऐकून इतका आनंद कुणाला झाला असेल असं मला वाटत नाही. फक्त एक अडचण झाली. माणूस एवढ्या वेळा वॉशरूमला जातो म्हटल्यावर बायकोने काहीतरी करायला हवं. मग आई रोज जेवणानंतर त्यांना इसबगोल द्यायला लागल्या, आणि बाबांना तो गुपचूप प्यावा लागायचा. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

त्या नळीला घरात पेन असं नाव पडलं होतं. म्हणजे मी आणि नवरा आमच्या खोलीत तसं म्हणायचो. बाबा ती लपवायचे मात्र फार कसोशीने. काम झालं की वॉशरूममध्येच ती उघडायची, बॅटरीचा भाग शर्टाच्या खिशात दोन खऱ्या पेनांशेजारी लावायचा आणि वरचा भाग चष्म्याच्या डबीत ठेवायचा. अर्धं कुणाच्या हाती लागलं तरी ते काय आहे हे कळता कामा नये. पुढच्या वेळी पुन्हा जोडायची, पुन्हा उघडायची. हे मला धुण्याचे शर्ट गोळा करताना समजलं, आणि अर्थातच मी काही बोलले नाही. तोवर मीही सासरची झाले होते.

संक्रांतीच्या आदल्या शनिवारी सकाळी पंखा सुरू झाला आणि लगेच बंद झाला. थोड्या वेळाने परत सुरू, परत बंद. बाबा बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालून. चहा गोड झाला म्हणाले. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या मुलीला उगाच बोलले. मग पुन्हा आत गेले आणि पुन्हा तसंच. नवरा माझ्यामागे स्वयंपाकघरात आला आणि कुजबुजला, "पेन गेलंय बहुतेक. कालपासूनच ट्रबल देतंय वाटतं. मी नवीन ऑर्डर करतो."

"कधी येईल?"

"बॉर्डरवर अडकलं नाही तर दोन-तीन वीक्स. इथल्या दुकानात निकोटीनवालं मिळत नाही."

"आणि तोपर्यंत?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करून येतो," म्हणाला आणि बूट चढवून सटकला. वडिलांचा विषय निघाला की त्याला बर्फ आठवायचं.

आई आणि मी तिळाचे लाडू वळायला बसलो. इंडियन ग्रोसरीतून चिक्कीचा गूळ मिळवला होता, पाक छान जमला होता, आणि गरम असतानाच हात चालवायचे होते. तेवढ्यात बाबा आले. अंगात विंटर जॅकेट, डोक्यावर कानटोपी, गळ्यात मफलर.

"जरा पाय मोकळे करून येतो," ते म्हणाले.

बाहेर उणे तीस होतं. वारा धरला तर उणे चाळीस. त्या थंडीत कुत्रीसुद्धा दारातच काम उरकून आत पळतात. बाबांच्या आवाजात मात्र नागपूरची संध्याकाळ होती, आणि आई मान खाली घालून लाडू वळत राहिल्या. त्या क्षणी माझं डोकं सटकलं. आता हा माणूस बाहेर जाणार, सिगरेट ओढणार, दोन-अडीच महिन्यांची कमाई धुळीला मिळणार, आणि आम्ही टॉवेल घेऊन उभ्या राहणार. मी उठले आणि चिकट हातांनीच दारासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, ते पेन द्या इकडे."

"कोणतं पेन?" त्यांनी खिशातलं खरं पेन काढून दाखवलं.

"हे नाही. ज्यातून वाफ येते ते. बंद पडलंय ना? मी बघते."

असं काही त्या घरात कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. बाबांचा चेहरा लाल झाला. ते आईंकडे पाहायला लागले, जणू त्या आता मला दटावतील. आईंनी हातातला लाडू ताटात ठेवला.

"द्या की आता," त्या म्हणाल्या. "इसबगोलाचा दुसरा डबा संपत आला. मी किती दिवस देऊन राहायचं?"

बाबांनी आधी खिशातून एक भाग काढला, मग चष्म्याच्या डबीतून दुसरा, आणि दोन्ही माझ्या हातात न देता टेबलावर ठेवले. जॅकेट त्यांनी उतरवलं नाही. जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, दाराच्या बाजूला, तसेच बसून राहिले.

आता माझी बाजू सांगते. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली. विनिपेगमध्ये बसगाड्यांच्या डॅशबोर्डमधले सर्किट बोर्ड तपासायची नोकरी करत होते. दिवसभर हेच काम, कुठे काय जुळत नाही ते शोधायचं. पण तिथे भिंग असतं, चिमटे असतात, आणि बोर्ड बिघडला तर दुसरा असतो. इथे दुसरा नव्हता. माझ्याकडून हे कायमचं बिघडलं तर बाबांचे पाय गॅस स्टेशनकडे वळणार होते, आणि त्यांना अडवायला माझ्याकडे मग काहीही उरणार नव्हतं.

हात धुतले, दिवा जवळ ओढला. बटण दाबलं की बॅटरीचा निळा दिवा लागत होता, पण वाफेचा पत्ता नाही. बॅटरीच्या तोंडाशी चिकट पाणी साचलं होतं, ते कापसाने आणि स्पिरिटने पुसून काढलं. तरी तेच. बेसमेंटमधून माझा मल्टीमीटर आणला. बॅटरी तपासली, तिच्यात भरपूर जीव होता. वरच्या भागातली तार तपासली, तीही शाबूत. दोघंही ठणठणीत आणि एकत्र आल्यावर मुकी. म्हणजे भानगड जोडातच होती.

बॅटरीच्या तोंडात, आट्यांच्या बरोबर मध्ये, एक इवलीशी सोनेरी पिन असते आणि तिच्याभोवती रबराचा छोटा वायसर. वरचा भाग फिरवून बसवला की त्याची पिन या पिनेला टेकते आणि वीज वर जाते. ही पिन खाली रुतली होती. थोडीशीच, पण तेवढ्यानेच दोघींची भेट तुटली होती.

"बाबा, जोडताना हे किती घट्ट करता?"

"जितकं होईल तितकं," ते म्हणाले. "सैल राहिलं की गळते."

मी वर पाहिलं. बाबांनी सगळी नोकरी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात केली होती. हा माणूस आमच्या घरातला प्रत्येक नळ असा पिळून बंद करायचा की मला तो दोन हातांनी उघडावा लागायचा. लोणच्याची बरणी बाबांनी बंद केली की दुसऱ्या कुणाच्या बापाला उघडायची नाही. त्याच हाताने ते दिवसातून अनेक वेळा हे नाजूक पेन उघडत होते आणि पिळून बसवत होते. नुसतं वापरलं असतं तर वर्षभर काही झालं नसतं. लपवण्यासाठी सारखं उघडून-जोडून ते मेलं होतं. हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, जरा जोरातच सांगितलं.

पिन वर उचलायची होती. टूथपिक घातली, तिचं टोक मोडलं. सुई फार टोकदार, घसरत होती. तेव्हा आईंनी बांगड्यांमध्ये अडकवलेली सेफ्टी पिन काढून माझ्यासमोर ठेवली. तिचं टोक झिजून बरोबर हवं तसं बोथट झालं होतं. ते पिनेच्या काठाखाली सरकवलं. पिनेखाली केसासारखी तार असते. जास्त उचललं आणि ती तुटली की खेळ खलास. मी श्वास रोखून एका बाजूने किंचित उचललं, मग समोरच्या बाजूने, मग पुन्हा इकडून. पिन वर आली. वरचा भाग हलकेच बसवला, बटण दाबलं. आतून चर्र असा आवाज आला. बाबा खुर्चीत पुढे झुकले. पुन्हा दाबलं तर काही नाही. उघडून पाहिलं, पिन परत खाली.

मला रडू यायचं बाकी होतं. परत उचलली, परत बसली. तिसऱ्यांदा उचलायची माझी छाती होईना, कारण ती तार किती ओढ सहन करील याचा भरवसा नव्हता. आणि दाराजवळची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं, निघाले बाबा.

ते निघाले नव्हते. खुर्ची घेऊन माझ्याशेजारी आले होते. कानटोपी काढून त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या हातातून ते पेन घेतलं. आमच्या देखत, पहिल्यांदाच. दिव्याखाली धरून तोंडात नीट पाहिलं.

"वायसर दबून गेलं ना, बेटा," ते म्हणाले. "तू कितीही वर उचल, ते खालीच येणार. त्याच्याखाली भरती पाहिजे. दोरा आहे का घरात? सुती पाहिजे, नायलॉन नको."

पाइपाच्या आट्यांवर सुताचा दोरा गुंडाळून गळती थांबवतात, हे मीही पाहिलं होतं. पण तो दोरा इथे घालायचा हे माझ्या डोक्यात आलं नसतं. सुती दोऱ्यातून वीज जात नाही, आणि इथे फारसं तापतही नाही. चाललं असतं. नव्हे, चालायलाच हवं होतं. मी शिवणाचा डबा आणला. बाबांनी पांढरा दोरा ओठांनी ओला केला, बोटांत पिळला आणि मला म्हणाले, "तू उचलून धर. बटणाला हात लावू नको." मी सेफ्टी पिनेने पिन तोलून धरली, आणि त्यांनी दोऱ्याचा फास तिच्या काठाखाली सरकवून एक वेढा दिला, मग आणखी अर्धा. त्यांची बोटं सिगरेटमुळे पिवळी पडलेली होती आणि जराही थरथरत नव्हती. मी दोऱ्याचं टोक नेलकटरने कापलं. मी सेफ्टी पिन काढून घेतली. पिन जागेवर उभी राहिली. बोटाने दाबून पाहिली, तरी उभी.

दोरा वाळेपर्यंत दिव्याखाली ठेवला. मग वरचा भाग मी बसवला, दोन बोटांनी, टेकेपर्यंत आणि पुढे नाही. "असं," मी म्हटलं. "आणि आता हे उघडायचं नाही. चार्ज करायचं तेव्हाच उघडायचं. एरवी जोडलेलंच राहील, जिथे असेल तिथे, सगळ्यांसमोर." बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली, पेन उचललं आणि सवयीने वॉशरूमकडे निघाले.

"इथेच," मी म्हटलं. "मला दिसायला पाहिजे चालतंय की नाही."

ते मध्येच थांबले. आईंकडे पाहिलं. आईंनी मान डोलावली. मग आपल्या बायकोच्या आणि सुनेच्या समोर, जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून बाबांनी ते तोंडात धरलं आणि बटण दाबलं. चर्र झालं, आणि नाकातोंडातून अशी दमदार पांढरी वाफ निघाली की दिव्याभोवती ढग जमला. त्यांनी परत ओढलं. परत ढग. तिसऱ्यांदाही. मी टेबलावर हात आपटला, लाडवांचं ताट उडालं, आणि मला हसू आवरेना. ऑफिसात मी शेकडो बोर्ड जुळवले असतील, पण इतकं जिंकल्यासारखं मला कधी वाटलं नाही. बाबाही हसत होते. त्यांना इतकं मोकळं हसताना मी प्रथमच पाहत होते.

नेमका तेव्हा नवरा बर्फ झटकत आत आला. वाफ पाहिली, बापाच्या तोंडातली नळी पाहिली आणि तसाच उलट्या पावली दाराबाहेर जायला लागला. इतक्या वर्षांचं वळण ते.

"अरे, कुठे चालला?" बाबा म्हणाले. "आत ये. दार लाव, गारठा येऊन राहिला."

तो आत आला. हातमोजे न काढता भिंतीपाशी उभा राहिला. बाबांनी त्याच्यासमोर आणखी एक झुरका घेतला, जरा लाजत घेतला, पण घेतला. मग पेन टेबलावर ठेवलं, सगळ्यांच्या मधोमध, आणि जॅकेटच्या आतल्या खिशात हात घातला. सिगरेटचं पाकीट बाहेर काढून त्यांनी पेनाशेजारी ठेवलं. त्याचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा निघाला नव्हता.

"कालच आणलं होतं," ते म्हणाले. "आज फोडणार होतो. गराजच्या मागे जाऊन."

म्हणजे बाबा पाकीट आणायला निघालेच नव्हते. ते खिशात होतंच, आम्ही टेबलाशी बसलो होतो तेवढा सगळा वेळ. नवऱ्याने तोंड फिरवून चष्मा पुसला. ते पाकीट बाबांच्या हातातलं शेवटचं ठरलं, पण ते कळायला पुढची वर्षं जावी लागली. त्या दुपारी ते फक्त टेबलावर पडलं होतं आणि त्याला हात कुणी लावायचा हे कुणाला समजत नव्हतं.

आई उठल्या. हात पदराला पुसले. बाबांच्या अंगातलं जॅकेट उतरवून घेतलं आणि साडीवर स्वतः चढवलं, ते त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं. माझे स्नोबूट पायांत घातले. पाकीट उचललं आणि आम्ही कुणी उठायच्या आत मागचं दार उघडून एकट्या बाहेर गेल्या. आल्यापासून त्या कधी कुणाचा हात धरल्याशिवाय बर्फावर उतरल्या नव्हत्या. आम्ही तिघं खिडकीशी धावलो. गुडघाभर बर्फातून एकेक पाय उचलत त्या मागच्या लेनमधल्या गार्बेजच्या डब्यापर्यंत गेल्या, दोन हातांनी झाकण उघडलं, पाकीट आत टाकलं आणि झाकण धाडकन बंद केलं.

परत आल्या तेव्हा पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि धाप लागली होती. नवरा त्यांचे बूट काढायला खाली बसला. त्या बाबांकडे बघत होत्या.

"लग्न झाल्यापासून मला हे करायचं होतं," त्या म्हणाल्या.